पिल्लाचे पाणी तोडू नका

पिल्लू दोन महिन्यांचे झाले की घरी येते. पुण्याहून, सोलापूरहून, नाहीतर मोबाइलवर फोटो पाहून थेट कुणाच्या तरी गाडीतून. पहिले काही आठवडे कौतुकात जातात. मग घरातल्या बाईच्या लक्षात येते, की याचे पाण्याचे भांडे सारखे रिकामे होते. पिल्लू रात्री उठून पाणी पिते आणि सकाळी ओसरीभर ओले करून ठेवते. धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लागलेले असतात, तिथे एवढे पाणी पिणारे जनावर नजरेतून सुटत नाही. शिस्त लावायची म्हणून रात्री भांडे उचलून ठेवले जाते. दोन दिवस फरशी जरा कमी भिजते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लू उलट्या करते, खाणे सोडते, कोपरा धरून बसते. दवाखान्यात सलाइन लागते, रक्त तपासले जाते आणि निदान कानावर येते: दोन्ही किडन्या गेल्या.

इथून घरात शोध सुरू होतो. कुणी काय खायला घातले, कुणी खारट दिले, शेजाऱ्याने काही टाकले का. विषबाधा होते, नाही असे नाही. तिच्याविषयी पुढे येईलच. पण जे पिल्लू पहिल्यापासून भावंडांहून किरकोळ होते, पहिल्यापासून पाण्यावर तुटून पडत होते आणि वर्षाच्या आत गेले, त्याच्या बाबतीत दोष बहुधा जन्माबरोबर आलेला असतो. घरातल्या कुणाच्याही हातून तो झालेला नसतो. भांडे उचलणाऱ्या हाताने मात्र शेवट जवळ आणलेला असतो, आणि तेवढे टाळणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

किडनी रक्तातली घाण काढते, हे सगळ्यांना माहीत असते. ती पाणी वाचवते, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. माणसाच्या एका किडनीत सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, कुत्र्याच्या किडनीत सुमारे चार लाख. या गाळण्यांतून दिवसभरात प्रचंड पाणी गाळले जाते आणि त्यातले बहुतेक सगळे रक्तात परत घेतले जाते. उरते ती लघवी. ठिबकवर बाग जगवणारा शेतकरी जसा थेंबाथेंबाचा हिशेब ठेवतो, तशी निरोगी किडनी थोडक्या पाण्यात पुष्कळ घाण बाहेर टाकते. गाळण्या मुळातच कमी असल्या किंवा नीट घडलेल्या नसल्या, की ही काटकसर जमत नाही. तेवढीच घाण काढायला जास्त पाणी खर्ची पडते. लघवी भरपूर, पाण्यासारखी फिकी आणि जवळजवळ वासाशिवाय होते. अशा पिल्लाने पाणी जास्त प्यायले म्हणून त्याला लघवी जास्त झाली, असे आपण समजतो. घडते उलटे. लघवीतून पाणी जातच राहते, म्हणून त्याला ते पिणे भाग असते. भांडे उचलले तरी लघवी थांबत नाही. अंगातले पाणी आटते, उरल्यासुरल्या गाळण्यांना रक्त पुरत नाही आणि महिनोन्‌महिने कसेबसे रेटत आलेले पिल्लू चार दिवसांत टोकाला जाते.

म्हणून पाणी तोडायचे नाही, मोजायचे. सकाळी मापाने पाणी भरावे, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले मोजावे, आणि हे सलग तीन दिवस करावे. दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, तर ते जास्त आहे. म्हणजे पाच किलोच्या पिल्लाने अर्ध्या लिटरपेक्षा जास्त. एप्रिल-मेच्या उन्हात आणि पाकिटातल्या कोरड्या खाद्यावर असलेले निरोगी पिल्लूही जास्त पिते, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नये. तीनही दिवस आकडा वरच राहिला, तर सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत धरून लगेच पशुवैद्यकाकडे न्यावी. हे काम ऐकायला अवघड वाटते. पिल्लाला पट्ट्याने धरून बाहेर नेले आणि लांब दांड्याचा डाव हाताशी ठेवला, की जमते.

या लघवीची तपासणी स्वस्त आहे आणि तिच्यात बरेच काही कळते. एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ती किती घट्ट आहे ते पाहतात. द्राक्ष बागायतदार मण्यांतली साखर पाहायला जे उपकरण वापरतात, त्याच तत्त्वावर चालणारे हे यंत्र आहे. फक्त माप वेगळे. शुद्ध पाण्याचा आकडा १.०००. पाणी वाचवू शकणाऱ्या कुत्र्याच्या सकाळच्या लघवीचा आकडा साधारण १.०३० च्या वर जायला हवा. तीन महिन्यांच्या पुढच्या पिल्लात तो पुनःपुन्हा १.००८ ते १.०१२ च्या दरम्यानच अडकलेला दिसला, तर किडनी लघवी घट्ट करण्याचे काम करत नाही, असा अर्थ होतो. सोबत कागदी पट्टीवर प्रथिने किंवा रक्त दिसते का, तेही कळते.

रक्तातल्या क्रिएटिनीनवर मात्र पिल्लाच्या बाबतीत एकट्याने विसंबू नये. तीन चतुर्थांश गाळण्या निकामी झाल्याशिवाय तो आकडा ठळकपणे चढत नाही, ही एक अडचण. दुसरी अशी, की क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते आणि पिल्लाच्या अंगावर स्नायू ते किती असणार? मोठ्या कुत्र्यात १.४ पर्यंतचा आकडा सहसा चिंतेचा नसतो. तीन महिन्यांच्या हडकुळ्या पिल्लात १.२ आला तरी थांबून विचार करायला हवा. छापील अहवालावर ‘नॉर्मल’ लिहून आले म्हणून पिल्लू घरी पाठवले, असे इथेच घडते. एसडीएमए नावाची रक्ततपासणी यापेक्षा लवकर बोलते. तिचा नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. सोनोग्राफीत किडन्या लहान, खडबडीत आणि आतल्या थरांची सीमा पुसलेली अशा दिसल्या, तर संशय बळकट होतो.

घरच्या माणसाला दिसण्यासारखी आणखीही लक्षणे असतात. पिल्लू वाढत नाही. हिरड्या फिक्या पडतात, कारण रक्त तयार करायला सांगणारे संप्रेरकही किडनीच बनवते. तोंडाला उग्र वास येतो. काही पिल्लांचा जबडा मऊ पडतो, दात हलतात आणि चेहरा सुजल्यासारखा दिसतो. किडनीतून फॉस्फरस बाहेर पडत नाही, त्याचा तोल सांभाळायला शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून काढते आणि वाढत्या वयात त्याची पहिली झळ जबड्याला बसते. याला कॅल्शियमची साधी कमतरता समजून बाटलीवर बाटली पाजली जाते. त्याचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो.

आता विषबाधेचे. ठणठणीत पिल्लाची किडनी एक-दोन दिवसांत बंद पडली, तर जन्मदोषाच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, द्राक्षे. जिल्ह्यातल्या बागांत पडलेले घड आणि घरातले बेदाणे माणसाला अमृत. कुत्र्याची किडनी त्यांनी बंद पडू शकते. हे कशामुळे होते याचे उत्तर अनेक वर्षे सापडत नव्हते. अलीकडे अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, आणि त्याच आम्लाने भरलेली चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही किडनीला तशीच इजा झाल्याचे नोंदवले. बांधावर चिंचेची झाडे आणि अंगणात फोडणीला बसलेली चिंच, हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य आहे. तिथून पिल्लू लांब ठेवावे. दुसरी गोष्ट, माणसाच्या वेदनाशामक गोळ्या. पिल्लू लंगडते म्हणून घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देणे किडनीवर बेतू शकते. डायक्लोफिनॅकने जनावरांच्या मढ्यांवर जगणारी गिधाडे किडनी बंद पडून मेली आणि २००६ मध्ये देशात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे फार जुने नाही. तिसरी, लेप्टोस्पायरोसिस. पावसाळ्यात, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. म्हणून किडनीच्या रुग्ण पिल्लाची लघवी पुसताना हातमोजे घालावेत, आणि ‘सेव्हन इन वन’ म्हणून जी लस सांगितली जाते ती टाळू नये. गोचिडांतून होणारा एर्लिकियाही लघवीतून प्रथिने घालवतो. हे सगळे तपासून बाजूला काढल्यावरच जन्मदोषाचे नाव घ्यावे. यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत आणि जन्मदोषाच्या शिक्क्याखाली ते राहून गेले, तर बरे होऊ शकणारे पिल्लू हकनाक जाते.

जन्मदोष म्हटले की तो आईबापांकडूनच आला, असेही नाही. माणसाच्या बाळाच्या किडन्यांतल्या गाळण्या जन्माच्या आधीच, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत घडून पूर्ण होतात. कुत्र्याच्या पिल्लात हे काम जन्मानंतरही दोन-तीन आठवडे चालू असते. डोळेही न उघडलेल्या पिल्लाला त्या काळात विषाणूचा संसर्ग झाला, तर किडनी अर्धवट घडलेली राहू शकते. म्हणून एका वेतातले एकच पिल्लू असे निघाले, तर तो अपघात असू शकतो. त्याच आईच्या दुसऱ्या वेतातही तसे निघाले, किंवा एका बापाच्या दोन वेगवेगळ्या कुत्र्यांपासून झालेल्या पिल्लांत निघाले, तर अपघात म्हणता येत नाही. प्रश्न एवढाच, की हे लक्षात ठेवणार कोण?

काही जातींत उत्तर फार आधी मिळाले आहे. शिह त्झू आणि ल्हासा अप्सो या आपल्याकडेही घराघरांत पोहोचलेल्या लहान जातींत किडनी अर्धवट घडण्याचा दोष ठाऊक आहे. बुल टेरिअरमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होणारा विकार आहे. त्याचा बिघाड ज्या जनुकात २०११ मध्ये सापडला, ते पीकेडी-१ हे जनुक माणसातल्या याच विकाराला सर्वाधिक वेळा कारण ठरते. पर्शियन मांजरांतही तेच. इंग्लिश कॉकर स्पॅनिएलमध्ये कोलॅजेनच्या एका जनुकातला बिघाड २००७ मध्ये सापडला. या जातीतले बाधित पिल्लू वरून सुंदर, खेळकर असते आणि सहा महिने ते दोन वर्षे या वयात त्याची किडनी बंद पडते.

कॉकरचे गणित समजून घेण्यासारखे आहे. बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा निरोगी असतो, आयुष्यभर. त्याला वाहक म्हणतात. नर आणि मादी दोघेही वाहक असले, तर आठ पिल्लांच्या वेतात सरासरी दोन आजारी पडतात, चार वाहक होतात आणि दोन पूर्ण मोकळी सुटतात. दोन मेली की मालक म्हणतो, सहा तर छान निघाली. त्या सहांतली चार पुढे विकली जातात, वाढवली जातात, जुळवली जातात. रक्ताच्या किंवा लघवीच्या कोणत्याही साध्या तपासणीत वाहक सापडत नाही. जिथे जनुकीय चाचणी आहे तिथे ती, आणि जिथे नाही तिथे मेलेल्या पिल्लांची वही, एवढ्या दोनच गोष्टी त्याला पकडू शकतात.

हा कुत्र्यांचाच विषय आहे, असे समजून वाचकाने पान उलटू नये. १९२७ मध्ये सेसिल आल्पोर्ट या डॉक्टरांनी एका ब्रिटिश कुटुंबाचे वर्णन केले. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लघवीतून रक्त जात होते, बहिरेपण येत होते आणि पुरुष तरुणपणी दगावत होते. आल्पोर्ट सिंड्रोम नावाने ओळखला जाणारा हा विकार त्याच कोलॅजेनच्या बिघाडातून होतो, ज्याने कॉकर मरतात. सामोयेड या पांढऱ्याशुभ्र केसाळ जातीतही त्याचे भावंड असलेला विकार आहे. त्याचे जनुक १९९४ मध्ये सापडले. नर पिल्ले सव्वा वर्षाच्या आसपास मरत. १९९७ मध्ये अशा पिल्लांना रक्तदाबाची एसीई इनहिबिटर गटातली गोळी देऊन पाहिली, तेव्हा ती बिनऔषधाच्या पिल्लांपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने जास्त जगली. पुढे माणसांतही त्या औषधांनी डायलिसिसची वेळ अनेक वर्षांनी लांबते, हे दिसले. आज आल्पोर्टच्या मुलाला जी गोळी लवकर सुरू केली जाते, तिच्यामागे या कुत्र्यांच्या मरणाची नोंद आहे. कुणीतरी ती ठेवली होती, म्हणून ती मुलांच्या कामी आली.

माणसांच्या दवाखान्यात वाढ खुंटलेले, फिकट, सतत पाणी मागणारे मूल आले, की चांगला डॉक्टर लघवी तपासण्याबरोबर आईबापांचे नाते विचारतो. मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानणाऱ्या मराठवाड्यात हा प्रश्न चोंबडेपणाचा नाही, तो निदानाचा भाग आहे. आतेमामे भावंडांच्या लग्नातून झालेल्या मुलात सव्वासहा टक्के जनुके दोन्हीकडून एकाच पूर्वजाची, तंतोतंत सारखी असण्याचा संभव असतो; सख्ख्या भावंडांच्या संबंधातून झालेल्या पिल्लात तोच आकडा पंचवीस टक्के. माणसांत जे कुणी मनातही आणणार नाही, ते कुत्र्यांत ‘जात शुद्ध राहावी’ म्हणून कौतुकाने केले जाते. बाप-मुलगी, भाऊ-बहीण अशी जुळवणी करून आलेले पिल्लू ‘प्युअर’ म्हणून जास्त पैशाला जाते. घेणाराही रंग, कान, शेपूट पाहतो. आईबापांविषयी एक प्रश्न विचारत नाही.

या जिल्ह्यापुरता सर्वांत मोलाचा प्रश्न विदेशी जातींचा नाहीच. शिह त्झू धाराशिवमध्ये पाहुणा आहे. हस्कीला तर इथल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत आणून ठेवणे हाच एक वेगळा गुन्हा म्हणावा लागेल. इथला खरा कुत्रा कारवान आणि त्याचा लांब केसांचा भाऊ पश्मी. लातूर, धाराशिव, सोलापूर ते कर्नाटकच्या सीमेपर्यंतच्या या पट्ट्यात उंच, सडपातळ, खोल छातीचा हा कुत्रा वाड्या-वस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाच्या मुलखात कुत्रा परका नाही. देवाच्या सोबतीला तो आहे आणि वाघ्यांनी त्याचे नाते अंगावर मिरवले आहे. कारवानची निवड आजवर कामाने झाली. जे पळाले ते टिकले. जे पिल्लू धापा टाकत मागे पडले, पाण्यावर पडून राहिले, त्याच्यापासून पुढे कुणी वीण घेतली नाही. ही निवड निष्ठुर होती, पण दोष साठू देत नव्हती.

आता ती निवड बदलते आहे. ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ हाउंड, राजापलायम अशा देशी जातींची नावे घेतली. देशी कुत्र्याला प्रतिष्ठा मिळणे चांगलेच आहे. पण मागणी वाढली की पिल्लू पळण्याआधी विकले जाते, आणि प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या एकाच नरामागे दहा गावांच्या माद्या येऊ लागतात. त्या एका नरात वरून न दिसणारा बिघाड असला, तर दोन-तीन पिढ्यांत तो पट्टाभर पसरायला तेवढे पुरते. युरोपातल्या अनेक जातींचे असेच झाले. तिथे आधी जात घडवली आणि मागाहून रोग शोधत बसावे लागले. कारवानच्या किडन्या बिघडल्या आहेत, असा याचा अर्थ अजिबात नाही. त्या बिघडण्याआधी वही सुरू करायची संधी आपल्याला आहे, जी कॉकर पाळणाऱ्यांना मिळाली नव्हती.

कायदा आहे. २०१७ मध्ये केंद्राने श्वान प्रजनन व विक्रीचे नियम केले. त्यांनुसार पिल्ले पैदा करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, नोंदवही ठेवायची आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. तालुक्याच्या बाजारात खोक्यात भरून आणलेल्या पिल्लांकडे पाहिले, की हे नियम कुठपर्यंत पोहोचले ते कळते. डोळे नीट उघडलेले नसताना आईपासून तोडलेल्या पिल्लाची आई कोण, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग रोगाचा माग लावायचा कुठे?

पशुसंवर्धन खात्याला दोष देणे सोपे आहे. खरे पाहता खात्याचे दवाखाने उभे राहिले ते गाय-बैल आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी, आणि उस्मानाबादी शेळीच्या या दुष्काळी जिल्ह्यात ते योग्यच होते. शेळी मेली तर घर बसते, कुत्रे मेले तर घर रडते. दोन्हींत फरक आहे आणि सरकारी पैसा आधी पहिल्याकडे जाणार. म्हणून मागणी मोठी नाही. आठही तालुक्यांच्या ठिकाणी एकेक रिफ्रॅक्टोमीटर आणि लघवीच्या पट्ट्या. जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात पिल्लांच्या वयाप्रमाणे क्रिएटिनीनचे आकडे भिंतीवर लावलेले. शर्यतीच्या बांध्याच्या ग्रेहाउंडमध्ये क्रिएटिनीन इतर जातींपेक्षा थोडे जास्तच असते, हे ठाऊक आहे; कारवानही त्याच बांध्याचा. शंभर-दोनशे निरोगी कारवानांचे रक्त तपासून त्यांची स्वतःची मापे ठरवणे हा शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय आहे. त्यासाठी मुंबईकडे पाहत बसण्याची गरज नाही.

आणि पाळणाऱ्यांकडे वही. नर, मादी, व्याल्याची तारीख, पिल्ले किती, कुणाला दिली, कोणते कधी आणि कशाने गेले. विकत घेणाऱ्याने हीच वही मागावी, आई प्रत्यक्ष पाहावी आणि तिच्या आधीच्या वेतातल्या एका तरी पिल्लाच्या मालकाला फोन करावा. वही दाखवायला जो टाळाटाळ करेल, त्याचे पिल्लू कितीही देखणे असले तरी घेऊ नये. ज्या जोडीच्या दोन पिल्लांची किडनी वर्षाच्या आत गेली, ती जोडी पुन्हा जुळवू नये आणि त्या वेतातल्या निरोगी दिसणाऱ्या भावंडांचीही नसबंदी करावी. यात पैशाचे नुकसान आहे. ते लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या घरी असे पिल्लू आज आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. दोष मोठा नसेल, तर असे कुत्रे काही वर्षे चांगले जगते. काहींमध्ये तो आयुष्यभर कळतही नाही. पाणी चोवीस तास समोर हवे. हाडे बंद, कारण त्यांत फॉस्फरस ठासून भरलेला असतो, दूधही जपून. ‘किडनीचा पेशंट’ म्हणून प्रथिने पूर्ण तोडू नयेत, वाढत्या पिल्लाला ती लागतातच. भात आणि अंड्याचा पांढरा भाग हा बहुतेक घरांना परवडणारा पाया आहे, आणि बाकीचे प्रमाण पशुवैद्यकाने वजन पाहून ठरवावे. लघवीत प्रथिने जात असतील, तर सामोयेडांना वाचवणाऱ्या गटातलीच गोळी उपयोगी पडते. मोठ्या शहरांत कुत्र्यांचे डायलिसिस होते, पण ते मुख्यतः विषबाधा किंवा लेप्टोसारख्या, किडनी पुन्हा उठू शकेल अशा आजारासाठी. मुळात न घडलेल्या गाळण्या त्याने उगवत नाहीत, आणि चारशे किलोमीटरवर नेऊन कर्ज काढायला लावणाऱ्या सल्ल्याआधी हे मालकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. पिल्लू खात नाही, उठत नाही, तोंडात फोड आले आहेत, अशा वेळी त्याला शांतपणे जाऊ देण्याचा पर्याय पशुवैद्यकाने स्वतःहून बोलावा. मालक तो विचारायला लाजतो.

एक दोष मात्र वेगळा काढायला हवा, कारण तो बरा होतो. मादी पिल्लू बसल्या जागी, झोपेत, चालताना सतत थेंबथेंब लघवी गाळत असेल, आणि अधूनमधून नीट बसूनही लघवी करत असेल, तर किडनीतून येणारी नळी मूत्राशयात न उघडता खाली भलतीकडे उघडलेली असू शकते. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांत हे जास्त दिसते. अशी पिल्ले घाणेरडी म्हणून मार खातात, गोठ्यात बांधली जातात, शेवटी महामार्गाच्या कडेला सोडली जातात. शस्त्रक्रियेने यांतली पुष्कळ पिल्ले सुधारतात. मात्र संसर्ग वर चढून किडनी बिघडण्याआधी नेली पाहिजेत.

आणि पिल्लू गेलेच, तर पुरण्याआधी एक फोन करावा. तालुक्याच्या दवाखान्यात शवविच्छेदन होऊ शकते. उन्हाळ्यात काही तासांतच आतले अवयव खराब होतात, म्हणून नेईपर्यंत पिल्लू बर्फाच्या पिशव्यांत ठेवावे. फ्रीजरमध्ये गोठवू नये, गोठल्याने पेशी फुटतात. दोन्ही किडन्यांचे सेंटिमीटरभर जाडीचे तुकडे त्यांच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवून महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवता येतात. बाटलीवर पिल्लाचे नाव नसले तरी चालेल. त्याची आई कोणती आणि बाप कोणता, हे लिहिलेले असावे.